आधी डोके, मग डोळे

पहिल्यांदाच बाहुलीचे डोके घडवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा डोळ्यांपासून सुरुवात करतो. मातीचा गोळा हातात घेतो, तो जरासा लांबट करतो आणि लगेच काडीच्या टोकाने दोन भोके पाडतो. भोकांच्या मधोमध नाक चिकटते, त्याखाली एक चीर पडते, तिच्यावर ओठांच्या दोन वळ्या बसतात. अर्ध्या तासात चेहरा होतो आणि तो चेहरा करणाऱ्याकडेच टक लावून बघत राहतो. कपाळ बोटभर, डोळे जवळजवळ केसांत, डोक्याची मागची बाजू नाहीच. मग ठरलेले वाक्य येते : माझ्या हातात ती कला नाही. हे वाक्य नम्र असले तरी चुकीचे आहे. दोष हाताचा नसतो, क्रमाचा असतो. जे शेवटी करायचे ते आधी केलेले असते आणि जे आधी करायचे ते राहूनच गेलेले असते. हा क्रम शिकायला शाडूच्या पिशवीवरच्या सूचना पुरत नाहीत. उघड्यावर, दगडात लिहिलेला आहे तो अजिंठ्याला, वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर. पण त्यातली सगळ्यात उपयोगी पाने पर्यटक न थांबता ओलांडून जातात.

आधी एक साधा पुरावा घरातलाच घेऊ. मराठवाड्यात आणि शेजारच्या खानदेशात पोळ्याला मातीचे बैल करतात. जी मुलगी बाहुलीचे डोळे आधी काढते तीच बैल करताना आधी धड वळते. मग खालून चार पाय ओढून काढते, पाठीवर वशिंड चिमटीने उचलते, मान पुढे काढते, शिंगे लावते. डोळे टोचलेच तर अगदी शेवटी, कित्येकदा टोचतही नाही. तरी तो बैल बैलच दिसतो, कुणाला शंका येत नाही. एकच हात, एकच माती, मग बैल जमतो आणि बाहुली का बिघडते? कारण बैलाच्या तोंडावरचे भाव वाचायची आपल्याला सवय नाही. त्याला आपण आकाराने ओळखतो, म्हणून आकारच करतो. माणसाचा चेहरा मात्र आपण जन्मापासून वाचत आलो आहोत. आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात माणसांच्या नजरेचा माग यंत्राने काढला होता. चेहऱ्याचे चित्र समोर आले की नजर पुन्हा पुन्हा डोळ्यांवर आणि ओठांवर जाते, कपाळावर आणि गालांवर ती फारशी रेंगाळत नाही, असे त्यात दिसले. जिथे नजर जाते तिथेच बोटे जातात. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला-शिक्षिकेने १९७९च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नवशिक्यांची हीच खोड दाखवली आहे. डोळे खरे तर डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, पण नवशिके ते वर सरकवतात आणि कवटीचा वरचा भाग जणू कापून टाकतात. म्हणजे नवशिक्याची अडचण चेहरा ठाऊक नसणे ही नाही. तो नको तितका ठाऊक असणे, ही आहे.

आता अजिंठा. लेणी क्रमांक १, २, १६, १७, १९ आणि २६ ही गर्दीची ठिकाणे. २४ व्या लेण्यापाशी फारसे कुणी थांबत नाही, कारण तिथे चित्रे नाहीत आणि लेणे अर्धवट आहे. पूर्ण झाले असते तर ते अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झाले असते. पण अर्धवट राहिल्यामुळेच ते काम कसे चालायचे हे दाखवते. कारागीर छतापासून खाली उतरत येत. आधी छताच्या पातळीला खडकात समांतर चर पाडत, दोन चरांच्या मध्ये उरलेल्या दगडी भिंती मग फोडत आणि असे करत तळापर्यंत येत. खांब आधी ओबडधोबड चौकोनी ठोकळे असत. ठोकळ्याची जागा आणि जाडी पक्की झाली की त्याला कोन पडत, आणि नक्षी फार नंतर येई. जो खांब ठोकळ्यावरच थांबला आहे, त्याच्यावर एका कोपऱ्यात कमळ कोरून ठेवलेले नाही. हे सांगण्यासारखे वाटणार नाही, पण बाहुलीच्या डोक्याच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. ठोकळा ठरलेला नसताना कमळ कोरतो. मिशिगन विद्यापीठातले कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याचा मोठा भाग अजिंठ्यावर घालवला. त्यांच्या मते लेण्यांच्या खोदकामाच्या दुसऱ्या टप्प्यातले जवळजवळ सगळे काम वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, साधारण इ.स. ४६० ते ४८० या दोन दशकांत झाले, आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर ते विस्कटले. हा काळ इतका आखूड धरावा का यावर विद्वानांत वाद आहे. पण अर्धवट लेण्यांचा अर्थ लावायला तो वाद मिटण्याची गरज नाही. काम मध्येच थांबले तेव्हा प्रत्येक गोष्ट आपल्या पायरीवर थांबली, एवढे दगडच सांगतो. शिवाय सगळेच हात उस्तादांचे नव्हते. स्पिंक ज्यांना घाईने, मूळ आराखड्याबाहेर घुसवलेल्या मूर्ती म्हणतात, त्या भिंतींवर आणि ओसऱ्यांत दाटीवाटीने कोरलेल्या लहान बुद्धमूर्तींचा दर्जा एकसारखा नाही. अजिंठा हे केवळ परिपूर्णतेचे मंदिर समजणाऱ्यांनी त्यांच्याकडेही पाहावे.

हा क्रम पाळल्यावर शेवटी काय हाती येते, ते पाहायला पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात जावे लागते. तिथे धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली बुद्धमूर्ती आहे. आसनावर चक्र, त्याच्या दोन्ही बाजूंना हरणे, दोन्हीकडे चवरीधारी. मार्गदर्शक दिवा एका बाजूने धरतात आणि सांगतात, आता गंभीर. दुसऱ्या बाजूने धरतात, आता हसरा. समोरून धरतात, आता ध्यानस्थ. या तीन नावांवर फार विश्वास ठेवू नये, ती सांगणाऱ्याच्या सोयीची आहेत. पण चेहरा बदलतो, हे खरेच आहे, आणि त्यात चमत्कार काही नाही. जपानमधल्या नो नाट्याचे लाकडी मुखवटे घ्या. मुखवटा तोच, पण नट मान किंचित वर किंवा खाली करतो आणि प्रेक्षकाला भाव बदललेला दिसतो. जपानी आणि ब्रिटिश प्रेक्षकांवर केलेला याचा अभ्यास २००० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. निश्चल चेहऱ्याचा नुसता कल बदलला तरी पाहणाऱ्याला भाव वेगळा वाटतो, हे त्यात मोजून दाखवले आहे. मुखवट्यात हे घडते, कारण त्याचे ओठ, गाल, पापण्या कुठल्याही एका भावात घट्ट बसवलेल्या नसतात. अजिंठ्याच्या बुद्धाचेही तेच. पापण्या जड आणि अर्ध्या मिटलेल्या, त्यांच्याखाली फुगीर डोळ्याची सलग वळणे. बुबुळासाठी छिन्नीने खड्डा मारलेला नाही. ओठांची कड तीक्ष्ण नाही, गालाचा पृष्ठभाग नाकापासून कानापर्यंत एका श्वासात वळत जातो. उजेड या वळणांवरून जसा सरकतो तशी सावली सरकते आणि भाव सावलीबरोबर जातो. खोल कोरलेला डोळा हे करू देत नाही. त्यातली सावली कुठूनही पाहा, तिथेच अडकून बसते आणि चेहरा कायमचा एकच गोष्ट बोलत राहतो. २६ व्या लेण्यातल्या सुमारे ७ मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण मूर्तीत तर डोळे मिटलेलेच आहेत. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर पापणी म्हणजे फक्त एक लांब, शांत वळण आहे, आणि ते पुरते.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो बरोबर आहे. मूर्तींवर गिलावा आणि रंग होता, त्याच्या खुणा आजही जागोजागी दिसतात. म्हणजे आज आपल्याला जो संयम वाटतो तो मुळात अपूर्णता असू शकते. डोळे होते, पण रंगाचे होते आणि रंग उडून गेला. मान्य. पण यातून मूळ म्हणणे कमजोर होत नाही, उलट पक्के होते. शिल्पकाराला ठाऊक होते की डोळा हे छिन्नीचे काम नाही, कुंचल्याचे आहे, म्हणून त्याने त्यासाठी कोरी, गुळगुळीत जागा राखून ठेवली. ही कामाची वाटणी आपल्याकडे अजून जिवंत आहे. पेणच्या किंवा कुठल्याही गावच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या कामाला वेगळे नाव आहे, आखणी. मूर्ती वाळलेली असते, पांढरा हात दिलेला असतो, अंगाचा रंग झालेला असतो, आणि मग ज्याचा हात बसलेला आहे असा एक जण आखणीला बसतो. कारखान्यात नव्या पोराला घासायला देतात, पाण्याचा हात फिरवायला देतात, अंगरंग द्यायला देतात. आखणी देत नाहीत. मराठी भाषेलाही ही गोष्ट माहीत असावी. आपण खेळण्यालाही बाहुली म्हणतो आणि डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिले तर आपलीच इवलीशी आकृती दिसते. संस्कृतात कनीनिका म्हणजे लहान मुलगी आणि डोळ्याची बाहुलीही. लॅटिनमध्येही नेमकी तीच जोडी आहे. तर बाहुलीच्या डोळ्यात बाहुली बसवायची ती सर्वांत शेवटी, आणि शक्यतो माती न उकरता.

दुसरा आक्षेप कारागिराचा आहे आणि तो अधिक टोकदार आहे. दगडातून काढायचे असते, मातीत घालायचे असते. काळ्या बेसॉल्टमध्ये कपाळ चुकले तर परत लावता येत नाही, म्हणून तिथला माणूस ठोकळ्यापासून सावधपणे आत जातो. माती तर कधीही लावता येते, मग तिला दगडाचा नियम कशाला? माझ्या मते मातीला तो जास्तच हवा. लावता-काढता येते म्हणूनच नवशिक्या दोन तास एकाच नाकाशी खेळत बसतो. नाक लांबवतो, पुन्हा दाबतो, पुन्हा लावतो, आणि त्या नाकाखालचे डोके मात्र अजून चिंचोक्यासारखे चपटेच असते. दगड माणसाला थांबवतो, माती थांबवत नाही, म्हणून मातीत आपणच आपल्याला थांबवावे लागते. शिवाय अजिंठा म्हणजे केवळ दगड, ही समजूतही अपुरी आहे. तिथल्या भिंतींवर चित्रांआधी जो गिलावा चढवला तो मातीचाच आहे. तळाला जाड थर, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर बारीक माती, वर चुन्याचा पातळ हात. तूस आणि तंतू कशासाठी, तर माती वाळताना आखडते आणि तडकते, तंतू तिला धरून ठेवतात. कुंभार मातीत राख किंवा लीद मिसळतो त्यामागचे शहाणपणही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या वनस्पतितज्ज्ञाचा सहभाग असलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष दाखवले. कीड दूर ठेवण्यात त्याचा हात असावा आणि भांग नसलेल्या अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीने अधिक त्रास दिला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. बाहुली करणाऱ्याने भांग शोधायला निघू नये. पण शाडूत भिजवलेल्या कागदाचा लगदा किंवा थोडा कापूस मळून घेतला, तर डोक्याला पडणाऱ्या निम्म्या भेगा तिथेच वाचतात. उरलेल्या भेगा भरीव गोळ्यामुळे पडतात, कारण वरची माती वाळते आणि आतली ओलीच राहते. त्यासाठी आत गाभा हवा. चुरगाळलेले वर्तमानपत्र दोऱ्याने घट्ट गुंडाळून एका जाड काडीवर बसवायचे, काडी बाटलीच्या तोंडात उभी करायची आणि वर बोटभर मातीचा थर चढवायचा. काडी म्हणजे मान. ती आधीपासून असली की डोके हवेत राहते, पाटावर ठेवून मागून चपटे होत नाही, आणि गोल फिरवून चारही बाजूंनी पाहता येते. पाटावर उताणे ठेवून केलेले डोके हे डोके नसते, मुखवटा असतो.

गाभ्यावर माती चढल्यावर लगेच चेहऱ्याकडे वळायचे नाही. आधी बाजूने पाहायचे. माणसाचे डोके बाजूने जवळजवळ चौकोनात बसते, म्हणजे उंचीला जितके तितकेच मागे खोल, आणि कान मध्यरेषेच्या मागे येतो. नवशिक्याच्या डोक्यात नेमकी ही मागची माती नसते. ती घातली की मग अंगठे उचलायचे. दोन अंगठे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर एकदाच, सारख्या जोराने दाबले की डोळ्यांच्या खोबणी तयार होतात, आणि त्यांच्या वर भुवयांचा उंचवटा आपोआप उरतो. नाक ही वर चिकटवलेली वळी नव्हे, कपाळातून खाली उतरणारी पाचर आहे. ओठांच्या आधी ओठांखालचा गोलवा हवा, कारण दात गोल बसलेले असतात आणि ओठ त्यांच्यावरून वळतात. चीर सपाट पृष्ठावर मारली की तोंड पाकिटाच्या फटीसारखे दिसते. खोबणीत मातीचे दोन छोटे गोळे आणि त्यांच्यावर पातळ पापणी, एवढ्यावर डोळा थांबवायचा. पुराणी परंपराही मापे याच दिशेने देते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला हंस १०८ अंगुळांचा. चेहरा म्हणजे एक ताल, १२ अंगुळे, आणि त्याचे तीन सारखे भाग, कपाळ ४, नाक ४, नाकाखालून हनुवटीपर्यंत ४. या मापांनी चेहरे निर्जीव होतात, भाव मोजपट्टीत बसत नाही, असे म्हणणारे आहेत. ते अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रातल्या पद्मपाणीकडे पाहून म्हणता येते का, हा प्रश्न आहे. माप भाव देत नाही, हे खरे, पण ते देईल असे कुणी म्हटलेही नव्हते. माप फक्त एक चूक टाळते, कपाळ खाऊन टाकण्याची, आणि नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक तीच असल्यामुळे एवढे पुरे आहे.

आता खरा आक्षेप, जो बाहुलीच्या बाजूने येतो. बाहुली म्हणजे बुद्ध नव्हे. तिने पोरांशी खेळायचे असते, तिला टपोरे डोळे हवेत, मिटल्या पापण्यांची बाहुली कुठल्या मुलीला आवडेल? आवडणार नाही, कबूल. पण टपोरे डोळे आणि कोरलेले डोळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली लाकडी ठकी पाहा. तिचे डोळे चांगले मोठे असतात, पण ते रंगाने काढलेले, जवळजवळ सपाट लाकडावर. ठकीचे नाक म्हणजे एक हलका उंचवटा, पण डोक्याचा आणि अंगाचा मूळ आकार ठाम. उत्तर जपानची कोकेशी बाहुली तर चरकावर उतरवलेला नुसता गोल आहे, हात-पायही नाहीत, आणि डोळे दोन बारीक फटकाऱ्यांचे. तरी ती बाहुलीच वाटते. बाळाचे रूप कशातून येते हे कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली मांडले होते. अंगाच्या मानाने मोठे डोके, मोठे पुढे आलेले कपाळ, चेहऱ्यात खाली बसलेले डोळे, फुगीर गाल. या यादीत डोळे मोठे असावेत हेही आहे, पण बाकी सगळे डोक्याच्या घडणीचे आहे. बाळाचे डोळे डोक्याच्या मध्याच्याही खाली असतात. तेव्हा गोंडस बाहुली करायची तर कपाळाला आणखी माती घाला, डोळ्यांना नव्हे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांचे, म्हणजे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री ज्या परंपरेसाठी मिळाली तिचे, उत्तरही याच जातीचे आहे. त्या बाहुल्या दिव्याच्या उजेडात, दोरीच्या हिसक्यावर आणि लांबून पाहायच्या असतात. तिथे चेहऱ्यावरचे बारीक काम दिसणारच नाही, ठळक आकार आणि ठळक रंग मात्र दिसतो. आणि बोलक्या बाहुल्यांचे काय? यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव किंवा रामदास पाध्ये यांनी १९९३च्या ‘झपाटलेला’साठी घडवलेला तात्या विंचू यांच्यात तर जबडा हलायचा असतो. हलणाऱ्या जबड्याची जागा आणि त्याची कळ आत कशी बसेल हे चेहरा सजवण्याआधीच ठरवावे लागते. म्हणजे तिथेही आतून बाहेर.

राहिला साचा. बाजारात चेहऱ्याचे साचे मिळतात, रबराचे आणि प्लॅस्टरचे. शाडू दाबला की दहा मिनिटांत निर्दोष चेहरा. मग हाताने बिघडवायचे कशाला? हा आक्षेप आधुनिक वाटतो पण तो दोन हजार वर्षे जुना आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी, म्हणजे प्राचीन तगरात, सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या सापडल्या. दोन भागांच्या साच्यात घडवलेल्या, आतून पोकळ, डोक्यावर भरजरी केशरचना. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या काळातल्या वस्तू पाहायला मिळतात. म्हणजे अजिंठ्याची पहिली चैत्यगृहे खोदली जात होती त्या जमान्यात, मराठवाड्यातच, साच्याची बाहुली रुळली होती आणि ती उत्तम होती. साच्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. घरी महालक्ष्म्या बसवायच्या आहेत, मुखवटा उद्या हवा आहे, तर साच्याचाच घ्यावा. पण साच्याने काय शिकता येते आणि काय नाही, याचा हिशेब सरळ आहे. साच्यातून निघालेला चेहरा ज्याने पहिल्यांदा हाताने घडवला, त्याने डोके आधी ठरवले होते. साच्यात माती दाबणारा ते ठरवत नाही, त्याच्या वाट्याला फक्त शेवटची पायरी येते. म्हणून साच्यावर शिकलेला माणूस आखणीत तरबेज होऊ शकतो, पण कोऱ्या गोळ्यासमोर बसला की पुन्हा काडीने दोन भोके पाडतो. अजिंठ्याच्या नकलांच्या इतिहासातही अशीच एक बाजू आहे. मुंबईच्या सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत गेले आणि वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती झाल्या. त्यांतल्या पुष्कळ १८८५ साली लंडनला आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या प्रतिकृती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. या कामाचे मोल मोठे आहे. पण प्रतिकृती नेहमी पूर्ण झालेल्या गोष्टीची होते, आणि पूर्ण गोष्ट आपला क्रम लपवते. पद्मपाणीची नक्कल करून पद्मपाणीची पापणी हाती येते, पण ती पापणी कितव्या पायरीवर आली हे कळत नाही. चित्रकलेच्या शाळांत प्लॅस्टरचे पांढरे पुतळे समोर ठेवून काढायला लावत, तो रिवाज पुढे जुनाट ठरवून टाकला गेला. त्यात एक फायदा होता जो बहुधा कुणी मुद्दाम योजलेला नव्हता : त्या पुतळ्यांना बुबुळे नव्हती. विद्यार्थ्याला कपाळाचा आणि गालाचा उजेड काढल्यावाचून गत्यंतर नसे.

एवढ्या थोर शिल्पांची तुलना खेळण्याशी करणे हा थिल्लरपणा आहे, असेही कुणी म्हणेल. पण खेळणे आणि देव यांच्यातली भिंत आपल्या मातीत कधी फार उंच नव्हती. खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून मुली ज्या मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात ती देवी आहे की बाहुली, हे त्या मुलींना विचारले तर त्या हसतील. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे इ.स.पूर्व १३०० च्या सुमाराच्या एका घरात, जमिनीखाली, कच्च्या मातीची एक स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याबरोबर मातीचा बैल. दोघांनाही भोक होते, काडी घालून तिला बैलावर बसवता येई. त्या मूर्तीला डोके नाही. मातीचा एवढा सराव असलेल्या माणसांना डोक्याची एक चिमूट जमत नव्हती असे म्हणवत नाही. तिला ते नको होते, एवढेच. काडीवर बसवलेले अंग पुरेसे होते. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी चेहऱ्याचा मोह इतका पूर्ण टाळला होता, आणि आपल्याला तो अर्धा तासही टाळवत नाही.

फर्दापूरच्या बाजूने वर येणारी शाळांच्या सहलींची रांग लेण्यांत फिरते तेव्हा मुलांना पद्मपाणी आणि निजलेला बुद्ध दाखवला जातो, ते योग्यच आहे. त्याच रांगेला २४ व्या लेण्यात पाच मिनिटे उभे करून, हा खांब इथे का थांबला आणि याच्यापुढे काय केले असते, एवढे दोन प्रश्न विचारले तर हस्तकलेच्या तासाचे निम्मे काम तिथेच होईल. उरलेले निम्मे घरी करता येते आणि त्याला मोबाइलची बॅटरी पुरते. बिनडोळ्यांचे डोके बाटलीवर उभे करायचे, खोलीतला दिवा मालवायचा आणि बॅटरीचा उजेड डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली सावकाश फिरवायचा. पहिल्या लेण्यातला मार्गदर्शक करतो तेच. गालावरची सावली सरकली, ओठांच्या कोपऱ्यातला भाव हलला, तर माती सावलीत वाळायला ठेवावी आणि कुंचला बाहेर काढावा. सगळीकडून चेहरा तसाच्या तसा राहिला, तर अजून गालाला माती हवी आहे.